खंडेनवमीला झोपलेली डिस्क

देवास, १४ ऑक्टोबर २०२५

श्रेयस,

खुशाली विचारत नाही. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस आणि ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर तुझ्याआधी तुझे साहेब वाचतील, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने. मराठीतच लिहिते आहे. हिंदी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाचताना तू अडखळतोस, ठाऊक आहे मला. अडशील तिथे मोठ्याने वाच, कळेल.

दुर्गाआत्याला निलंबित केलं आहे. हो, आपल्याच आत्याला. आई गेल्यावर तुला धारला नेऊन जिने वाढवलं, तुझ्या डब्यात रोज वेगळी भाजी हवी म्हणून जी बाजारभर हिंडायची, तिला तिच्या लॅबच्या लोकांनी सांगितलं की तुम्ही खोटारड्या आहात, चौकशी होईपर्यंत घरी बसा. तुला कुणी कळवलं नसेल. ती तर कळवणार नाहीच. तिला वाटतं तू फार मोठ्या कामात आहेस.

झालं ते असं. तिची लॅब एका ट्रस्टची आहे. गावोगाव जाऊन बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि सिकलसेलचा रक्ताचा आजार आहे का ते बघायचं, हे आत्याचं काम. नवरात्रात अष्टमीला तिरल्याला शिबिर झालं. आदिवासी पाड्यांवरून बायका कडेवर पोरं घेऊन पायी आल्या होत्या. सगळ्यांचे निकाल आत्याने टॅबमध्ये भरले. दुसऱ्या दिवशी नवमी, मग दसऱ्याची सुट्टी. सुट्टीनंतर सकाळी लॅबमध्ये जाऊन तिने टॅब मोठ्या मशीनला जोडला आणि सगळा डेटा एका दमात पाठवला. पडद्यावर हिरव्या अक्षरात ‘सुरक्षित जमा’ असं आलं. तसं आलं की टॅब स्वतःचं पोट आपोआप रिकामं करतो, त्याची रचनाच ती आहे. दुपारी उघडून बघते तर तिरल्याचं एकही नाव मशीनमध्ये नाही.

ट्रस्टचं म्हणणं, आत्याने नमुने बिघडवले आणि ते लपवायला टॅब मुद्दाम पुसला. हद आहे की नाही? पस्तीस वर्षं त्या बाईने कुणाचा चहा फुकट प्यायला नाही.

मी जाऊन मशीनचा लॉग, त्याची रोजनिशी, पाहिली. पाठवण्याच्या नेमक्या वेळी कर्नलने, मशीनच्या मूळ प्रणालीच्या गाभ्याने, लिहून ठेवलंय: डिस्कने उत्तर दिलं नाही, टाइमआउट, रीसेट, आणि लगेच पुढे, सगळं ठीक. मशीनची ती डेटा साठवायची पेटी तुमच्या कंपनीची आहे, श्रेयस. तिच्याशी बोलणारा कर्नलमधला प्रोग्राम, तिचा ड्रायव्हर, तू सांभाळतोस. तो उघड आणि बघ. एवढंच मागते आहे.

मेधा


देवास, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

श्रेयस,

तुझा मेल आला. दोन ओळी, त्याही इंग्रजीत. ड्रायव्हर तपासलेला आहे, लॅबमधल्या धुळीमुळे पेटी बिघडली असावी, सपोर्टशी बोला. बहिणीला लिहितोयस की तक्रार नंबर अमुक-तमुकला?

तुमचा सपोर्ट येऊन गेला. अंशुल नावाचा मुलगा, इंदूरहून आला. पेटीवर हळदकुंकू आणि झेंडूचा वाळलेला हार बघितला आणि ट्रस्टच्या चारचौघांसमोर हसला. आत्याला म्हणाला, “आंटीजी, ये मशीन है, मंदिर नहीं.” फोटो काढले. अहवालात लिहून गेला की उपकरणात बाहेरची पावडर गेल्याने दोष. झालं, आता आत्यावर दोन आरोप. आधी खोटारडी होती, आता अडाणीही झाली.

मी ती पेटी खोलली. हळद झाकणावर होती, झाकणाच्या बाहेर, बोटाच्या टोकाएवढी. आत सगळं स्वच्छ. अंशुलने स्क्रू काढायचे कष्टही घेतले नव्हते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आणि तू त्याच अहवालाची री ओढतोस? खंडेनवमीला आपल्या घरी काय व्हायचं, विसरलास? दत्तोपंत आजोबा टाइपरायटर तेल देऊन पुसायचे, त्याला फूल वाहायचे, आणि दिवसभर त्याला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते यंत्र, एक दिवस त्याला विसावा. आजोबांच्या आजोबांनी दरबारात दौत-लेखणी पुजली, आजोबांनी टाइपरायटर, आत्या रक्ताचं मशीन पुजते. यात हसण्यासारखं काय आहे, सांग मला. तुमच्या पुण्याच्या ऑफिसात नव्या सर्व्हरसमोर नारळ फुटतो तेव्हा अंशुल कुठे असतो?

मी ट्रस्टला विचारलं तर ते म्हणतात कंपनीला विचारा, कंपनीला विचारलं तर म्हणते ट्रस्टला. एकाच गावात दोन राजांच्या गाद्या असलेल्या देवासात जन्म काढलाय मी. थोरली पाती धाकटीकडे बोट दाखवणार आणि धाकटी थोरलीकडे, हा खेळ आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. पण त्यात भरडली जाते आहे ती आपली आत्या.

आज ओवाळायला कुणी नव्हतं. मी चंद्राला ओवाळलं. त्याने निदान तोंड तरी दाखवलं.

मेधा


देवास, ४ नोव्हेंबर २०२५

श्रेयस,

सापडलं. आता नीट बसून वाच.

इथल्या एका कारखान्यात तुमचीच तशी पेटी पडून होती, ती मागून आणली. कर्नल तोच, ड्रायव्हर तोच. आधी मी तिला दामटलं. एकामागून एक डेटा पाठवत राहिले, पंखा किंचाळायला लागला, पण एकदाही टाइमआउट नाही. तुमच्या टेस्टिंगवाल्यांनी असंच तपासलं असणार. राबवून राबवून. राबवल्यावर ती चुकत नाही, म्हणून पास.

मग मी हट्ट सोडला आणि पुन्हा धारला गेले. आत्याला म्हटलं, पूजेच्या दिवशी तू नेमकं काय केलंस ते पहिल्यापासून सांग. ती वैतागली, पण बोलली. पुसलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, मग दसरा संपेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं, मशीन बंद केलं होतंस? सणाच्या दिवशी घरातलं कुणी अंधारात ठेवतं का, म्हणाली. मतलब पेटी चालू होती आणि बिनकामाची होती. सलग नवमी आणि दसरा.

तुझ्या डोक्यात आतापर्यंत दिवा पेटला असेल. बिनकामाची राहिली की तुमच्या पेटीतल्या डिस्का वीज वाचवायला झोपतात. मी इथे तसंच केलं. पेटी चालू ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका दमात डेटा पाठवला. डिस्का एकेक करून जाग्या व्हायला लागल्या, सगळ्या मिळून तुझ्या ड्रायव्हरच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला. टाइमआउट. रीसेट. आणि पडद्यावर हिरवं ‘सुरक्षित जमा’. उघडून बघितलं, आत काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. आनंदाने नाही, संतापाने.

डिस्क वेळेवर उठली नाही, हा गुन्हा नाही. रीसेट करावा लागला, तोही नाही. पण रीसेटनंतर हातात अडकलेला डेटा ड्रायव्हरने पुन्हा पाठवायचा, नाहीतर वर सांगायचं की लिहिला गेला नाही. तुझा ड्रायव्हर काय सांगतो? लिहिला म्हणून सांगतो. धडधडीत.

आत्याला मी असं समजावलं, की पोस्टमनला दार लवकर उघडलं नाही म्हणून त्याने पत्र विहिरीत टाकलं आणि पोचपावतीवर स्वतःच सही करून दिली. तिला ते लख्ख कळलं. ती म्हणाली, “मग पोस्टमन कोण?” मी नाव सांगितलं नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. माझ्या तोंडून निघेना.

कर्नलचं सगळं उघड्यावर असतं, कुणी कोणती ओळ कधी घातली ते जगाला दिसतं. ती ओळ तुझी आहे. ती घातलीस तो आठवडाही मला आठवतो, कारण तेव्हा मी तुमच्या कंपनीतच होते. गिऱ्हाइकांच्या पडद्यावर चूक झाल्याच्या लाल ओळी येतात म्हणून साहेब ओरडत होते आणि मी म्हणत होते की थांबा, आधी लाल ओळी का येतात ते शोधू. तू भर मीटिंगमध्ये म्हणालास, मेधाताईला घाई कळत नाही. मी राजीनामा दिला, तू प्रमोशन घेतलंस, आणि तेव्हापासून आपण बोललो नाही. लाल ओळी तू अशा घालवल्यास होय रे?

ते जाऊ दे. माझा हिशोब मी मागत नाही. चौकशी समितीचे प्रमुख प्रतापराव आहेत, सज्जन माणूस, तुला ओळखतात. त्यांना एक पत्र लिही. दोष ड्रायव्हरचा आहे, दुर्गा पोतनीसांचा नाही. एवढंच लिहायचं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि दोर तुझ्या हातात आहे.

मेधा


धार, २१ नोव्हेंबर २०२५

श्रेयस,

तू काय केलं आहेस, तुला कळतंय का?

काल समिती बसली. तुझं पत्र आलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, भाऊ नाही तर नाही, मशीन स्वतः साक्ष देईल. मी आधीच प्रतापरावांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे लॅबचं मशीन दोन दिवस चालू आणि बिनकामाचं ठेवलं होतं. खोलीला ट्रस्टचं कुलूप. समितीच्या देखत मी टॅबवर खोटी नावं भरली, केबल लावली आणि सगळ्यांना म्हटलं, आता बघा, हिरवं येईल आणि आत काही नसेल.

हिरवं आलं. आणि आत सगळं होतं. सगळी नावं, ओळीने.

माझ्या कानशिलात भडकावल्यासारखं झालं. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर चाचपत बसली होती, तिला वाटलं चांगलंच झालं, नावं राहिली. अंशुल गालात हसत होता. मी मशीनचा लॉग उघडला तेव्हा कळलं, गेल्या आठवड्यात पेटीत नवा ड्रायव्हर आपोआप आला आहे. तुझा. मग कर्नलवाल्यांच्या जाहीर मेल-यादीवर तू टाकलेला बदल शोधला. त्याला नाव काय दिलंस, तर ‘किरकोळ सफाई’.

किरकोळ सफाई!

माझं पत्र वाचलंस, चूक ओळखलीस, आणि चूक होती हे न सांगता ती मिटवलीस. मी तुझा बदल ओळ न् ओळ वाचला. डिस्का जाग्या व्हायला पुरेसा वेळ, न लिहिलेलं पुन्हा पाठवणं, तरी जमलं नाही तर सरळ नकार. काम चोख आहे. मीच शिकवलंय तुला. पण त्या चोख कामाने आत्याचा एकमेव पुरावा पुसून टाकला, आणि तोही चौकशीच्या तोंडावर. टॅब पुसल्याचा आळ तिच्यावर आहे आणि पुसणारा तू.

मी समितीला म्हटलं, माझ्याकडे जुन्या ड्रायव्हरची पेटी आहे, देवासहून आणते, ती बघा. अंशुलने शांतपणे सांगितलं की मॅडमनी आमची कंपनी भांडून सोडली आहे, त्यांनी आपल्या पेटीत काय भरलंय कुणाला माहीत. प्रतापरावांना ते पटलं. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ते म्हणाले, ज्याने ड्रायव्हर लिहिला त्याचं म्हणणं लेखी आणा. कोण आहे तो?

मग मला तुझं नाव घ्यावं लागलं. आत्यासमोर.

पोस्टमन कोण, हे तिला त्या क्षणी कळलं असणार. ती उठली, टेबलाशी गेली आणि प्रतापरावांना म्हणाली, “लिहून घ्या. चूक माझी आहे. टॅब मीच पुसला. संपवा हे.”

ऐकतोयस ना? पस्तीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायला तिला अर्धं मिनिट लागलं. बाहेर रस्त्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. लोक थांबून बघत होते. एक रिक्षावाला म्हणाला, ओ भेन जी, रास्ता तो छोड़ो. आत्याचं एकच पालुपद. माझी दोन वर्षं उरलीत, पोराची उभी नोकरी आहे, तो कुठे जाईल. मी म्हटलं, तो पोर नाही, त्याचे केस पिकलेत. तर म्हणते, मग काय झालं.

प्रतापरावांनी तिचा जबाब लिहून घेतला नाही. म्हणाले, दुर्गाबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. पुढची बैठक दहा डिसेंबरला, तीच शेवटची. तोवर तुझं लेखी आलं तर ठीक, नाहीतर तिचं बोलणं ते मान्य करणार. आणि ती पुन्हा तेच बोलणार, याबद्दल मला शंका नाही.

मेधा


देवास, २ डिसेंबर २०२५

‘मी दुरुस्त केलंय ना, आता आणखी काय हवं आहे?’

हा तुझा मेल. या वेळी मराठीत लिहिलास, कौतुक आहे. आता मी सांगते काय हवं आहे.

ड्रायव्हर दुरुस्त झाला, आत्या दुरुस्त झाली का? बाजारात तिला बघून लॅबमधल्या बाया रस्ता बदलतात. ती भाजी आणायला आता अंधार पडल्यावर जाते. आणि तिरल्याच्या त्या बायकांचं काय? दोष कुणाचा ते ठरेपर्यंत ट्रस्ट तिथे पुन्हा शिबिर घ्यायला तयार नाही. कुणाच्या पोराला सिकलसेल आहे हे आत्याला माहीत होतं, मशीनला माहीत होतं असं मशीन म्हणालं, आणि आता कुणालाच माहीत नाही. आत्याला काही चेहरे आठवतात. एक पोरगी आठवते, तिची चाचणी स्पष्ट निघाली होती, पण बायका सगळ्या एकाच वेळी आल्या होत्या आणि नाव काही आठवत नाही. त्या पोरीच्या काळजीने ती झोपत नाही. तुझ्याही काळजीने झोपत नाही, ते निराळं.

तू लिहितोस की कंपनीने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. ठेव. कंपनीने लाल ओळी घालवायला सांगितल्या तेव्हाही तू घालवल्यास. तुला कुणी सांगितलं नाही असं तू आयुष्यात काय केलंस, याचा एकदा विचार कर.

मी स्वतः यादीवर सगळं मांडू शकते. पण माझ्या सहीला किंमत नाही, मी भांडकुदळ, मी सोडून गेलेली. किंमत तुझ्या सहीला आहे. माझं सांगून झालं. हे शेवटचं पत्र समज.

मेधा


धार, ११ डिसेंबर २०२५

श्रेयस,

शेवटचं म्हटलं होतं, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. रागावलेली मी अजूनही आहे, तेव्हा गोड मजकुराची वाट बघू नकोस.

परवा तू यादीवर टाकलेला खुलासा मी वाचला. साऱ्या जगासमोर, स्वतःच्या नावाने, तुझ्याच शब्दांत: अमुक साली मी घातलेल्या बदलामुळे न लिहिलेला डेटा लिहिला असं सांगितलं जात होतं. तो बदल चुकीचा होता आणि मला तेव्हाच शंका होती. गेल्या महिन्यातली दुरुस्ती ‘किरकोळ सफाई’ नव्हती, तसं म्हणणं ही दुसरी चूक. आणि खाली, आपल्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे दोष कुणी कळवला त्याचं नाव. मला वाटलं होतं तिथे माझं असेल. तू लिहिलंस, दुर्गा पोतनीस, धार.

मी ते छापून घेतलं, हिंदीत उतरवलं आणि काल समितीसमोर ठेवलं. अंशुल म्हणाला, मला यातलं काही कळवलेलं नाही, आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा त्याच्या वयाएवढा दिसला. प्रतापरावांनी दोनदा वाचलं. मग उठून आत्याला हात जोडले आणि म्हणाले, बाई, सोमवारपासून या. तिरल्याचं शिबिर या महिन्यातच घेऊ, तुम्हीच घ्या. आत्याने आधी विचारलं की पोराच्या नोकरीचं काय होईल. मी म्हटलं, जाईल बहुतेक. गेली का? मला कळव. देवासच्या कॉलेजात मी शिकवते तिथे एक जागा आहे, पगार तुझ्या मानाने हास्यास्पद आहे. मी बोलवते आहे असं समजू नकोस, माहिती दिली.

रात्री जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, तो कागद वाच, सगळा वाच, त्याने लिहिलंय तसाच. मी इंग्रजी वाचत मराठीत सांगत गेले. टाइमआउट, रीसेट, तिला पोस्टमनमुळे सगळं माहीत होतं, ती मान हलवत होती. शेवटच्या ओळीवर आले. दोष कळवणार, दुर्गा पोतनीस, धार. मी म्हटलं, आत्या, ही नोंद आता कुणी पुसू शकत नाही. जिथे जिथे हा कर्नल जाईल तिथे तुझं नाव जाईल, जपानात, अमेरिकेत, कुठेही.

मला वाटलं तिला रडू येईल. तिने चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला, स्वतःचं इंग्रजी नाव बोटाने शोधलं आणि त्याच्या मागेपुढे बघत राहिली. मग म्हणाली, “आत्या नाही लिहिलं त्याने?”

मी सांगितलं, तिथे नातं लिहीत नाहीत, नुसतं नाव लिहितात.

“मग लोकांना कसं कळायचं,” ती म्हणाली, “मी त्याची कोण ते?”

ज्याच्यापायी दोन महिने चोर ठरली, त्याची आत्या असल्याचं तिला जगाला सांगायचं आहे. मी संतापून भांडी घासायला निघून गेले. ती अजून बाहेर बसली आहे, कागद मांडीवर घेऊन. या प्रश्नाचं उत्तर मेलने चालणार नाही आणि माझ्यामार्फत तर मुळीच नाही. धारला ये आणि तिच्यासमोर उभा राहून दे.

मेधाताई